सोनकड्याचं धुकं

एका राज्यात चार डोंगर होते, चार डोंगरांच्या माथ्यावर चार शहरं होती, आणि त्यांतलं सगळ्यांत खालचं शहर स्वतःला सगळ्यांत थोर समजत होतं. त्याचं नाव सोनकडा. राजा तिथं राहतो म्हणून ते थोर, आणि ते थोर म्हणून राजा तिथं राहतो. यापलीकडे थोरपणाचं कारण कुणी विचारायचं नाही. विचारणाऱ्याला उद्धट म्हणत.

राजाचं नाव पद्मकेतू. तो सिंहासनावरून सहसा उतरत नसे. रोज सकाळी दरबार भरे आणि दरबारातले म्हातारे एकामागून एक उठून शहराची बिरुदावली गात. "सुवर्णसोपानमंडिता, मेघमेखलावेष्टिता, त्रिभुवनसुंदरी सोनकडा नगरी!" राजा डोले, म्हातारे डोलत. त्यांतल्या एकानंही कैक वर्षांत बाजारापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. पायऱ्या फार, गुडघे दुखतात. दुसऱ्या डोंगरावर जायचा तर प्रश्नच नव्हता, कारण सोनकड्याचा रिवाज होता की थोरानं धाकट्याच्या दारी पाहुणं जायचं नाही, धाकट्यानं आधी यावं. बाकीच्या तिन्ही शहरांना आपण धाकटे आहोत हे कुणी कळवलंच नव्हतं. म्हणून तीही येत नव्हती.

एके दिवशी मात्र पाहुणा आला. मेघंकर नावाचा जादूगार. तो ढग राखायचा, जसा धनगर मेंढरं राखतो. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, घोंगडीवर दव. राजानं त्याला बसायलाही सांगितलं नाही, थेट विचारलं, "आमची नगरी कशी वाटली?"

"तुम्हाला कशी वाटते?" मेघंकर म्हणाला.

तेव्हा आचार्य विश्रुत उठले. ते विद्यामंदिराचे मुख्य, दरबारातले सगळ्यांत वडील. त्यांनी डोळे मिटून सगळी बिरुदावली गायली.

"सुंदर," मेघंकर म्हणाला. "यातलं तुम्ही पाहिलंय काय काय?"

"पाहायचं काय त्यात? आमच्या वाडवडिलांनी सांगितलंय."

"त्यांनी पाहिलं होतं?"

"त्यांना त्यांच्या वाडवडिलांनी सांगितलं होतं."

मेघंकरानं काठी आपटली. दरबाराच्या खिडक्यांतून ढग आत आले आणि मेंढरांसारखे त्याच्या पायांशी बसले. तो म्हणाला, "न पाहता मिरवता, तर मिरवा. यापुढं ही नगरी कुणाला दिसणार नाही. ती धुक्यात राहील, धुक्यात झिजेल, आणि झिजून एक दिवस संपेल. दुसऱ्याच्या डोंगरावर उभं राहून हे शहर जसं पाहिलं तसं कुणी खरंखरं सांगेल, तेव्हाच धुकं उतरेल."

एवढं बोलून तो निघून गेला आणि ढग तिथंच राहिले.

आता कुणालाही वाटेल की लोक उठले असतील, कमरा बांधल्या असतील, पलीकडच्या डोंगराला लागले असतील. छे! दरबारात चर्चा सुरू झाली. दुसऱ्याच्या डोंगरावर उभं राहणं म्हणजे पाहुणं जाणं होतं की नाही? होत असेल तर रिवाज मोडतो. होत नसेल तर कसं होत नाही? दरबारात दोन पक्ष पडले. चर्चेत वर्षं गेली. धुक्यात घरं झिजत राहिली आणि म्हातारे धुक्यात बसून, एकमेकांची तोंडंही न दिसता, रोज सकाळी "त्रिभुवनसुंदरी" गात राहिले.

त्याच शहरात हरणा नावाची मुलगी होती. विद्यामंदिरात शिकायची. बिरुदावली तोंडपाठ झाल्यावर तिनं आचार्यांना विचारलं होतं, "सुवर्णसोपान कुठंय? मला चढायचाय." आचार्यांनी तिला कोपऱ्यात उभं केलं. ती कोपऱ्यातून दारात गेली, दारातून घरी गेली आणि परत कधी गेली नाही. तेव्हापासून गावात तिचं नाव पडलं अर्धवट हरणा. तिलाही त्याचं फार काही वाटत नसे. पूर्ण शिकलेले काय करतात ते तिला रोज ऐकू येत होतं.

तिची आई बांबूच्या टोपल्या विणायची. धुकं आलं तेव्हा आधी आईची पावलं दिसेनाशी झाली, मग हात, मग चेहरा. पुढं पुढं घरात नुसता आवाज राहिला. "हरणे, चूल बघ. हरणे, पाणी आण." हात पुढं केला तर हाताला काहीच लागत नसे. तरी आवाज होता, तोवर हरणा धीर धरून होती. एके सकाळी आईनं हाक मारली आणि ती विहिरीच्या तळातून आल्यासारखी आली. दुसऱ्या दिवशी आणखी खालून.

हरणा तडक दरबारात गेली. वाट दिसत नव्हतीच, चर्चेच्या आवाजामागं गेली.

"महाराज," ती म्हणाली, "मी पलीकडच्या डोंगरावर जाते."

"कोण आहे ती?" राजा धुक्यातून म्हणाला.

"ती अर्धवट," आचार्यांचा आवाज आला. "महाराज, निर्णय झाल्याशिवाय कुणाला पाठवणं शास्त्राला धरून नाही."

"निर्णय कधी व्हायचा, आचार्य?"

"घाई हा तरुणांचा रोग आहे, मुली."

"आणि बसून राहणं हा कुणाचा? माझी आई संपत चाललीय. तुमची कोण संपतेय ते तरी तुम्हाला दिसतंय का?"

 तेवढ्यात धुक्यात कुठूनतरी एक म्हातारी खोकली. ती राजमाता होती. कित्येक दिवसांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. राजानं तो ऐकला, आणि पहिल्यांदाच त्याचा सूर उतरला.

"जा, पोरी," तो म्हणाला. "रिवाज मोडला तर माझ्या नावावर मोड."

वेशीवर एक धनेश पक्षी बसला होता. मोठी पिवळी चोच, चोचीवर शिरस्त्राण. त्याला माणसाची भाषा येत होती. तो म्हणाला, "तू वर जाणार असशील तर मी वाट दाखवतो."

"तुला काय पडलंय?"

"माझी बायको तुमच्या गावातल्या उंबराच्या ढोलीत बसलीय. दार लिंपून घेतलंय, पोटाखाली अंडी आहेत. मी चारा आणायला बाहेर पडलो, आता मला ढोली सापडत नाही. ती भुकेनं हाका मारते आणि हाका चहूकडून येतात." मग जरा थांबून तो म्हणाला, "तिन्ही शहरांच्या दारांतून जावं लागेल. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मधली वाट नाही."

"चल," हरणा म्हणाली.

पहिल्या डोंगरावर पारंबे नावाचं शहर होतं. तिथं दऱ्यांवर पूल बांधत नसत, वाढवत. या काठावर झाड लावायचं, त्याची मुळं बांबूच्या पन्हळातून त्या काठाकडं न्यायची, आणि वाट बघायची. नातू चालत जाईल असा पूल आजा लावायचा. धुक्यातून बाहेर आलेल्या हरणाला इतकी वर्षं न पाहिलेलं ऊन दिसलं, उन्हात हिरवे पूल दिसले, पुलांवरून संत्र्यांच्या पाट्या घेऊन चाललेल्या बाया दिसल्या. ती वाटेतच उभी राहिली.

"तोंड मीट," धनेश म्हणाला. "माशी जाईल."

वेशीत एक म्हातारा बसला होता, मुळांना माती लावत. तो म्हणाला, "ये. आमच्या दारी येणाऱ्यानं आपल्या गावचं एक काही सांगायचं, मग आत यायचं."

हरणानं छाती फुगवली. तोंड उघडलं तर आपोआप निघालं, "सुवर्णसोपानमंडिता, मेघमेखलावेष्टिता..."

वेशीवरच्या वेली सरसरत एकमेकींत गुंतल्या आणि वाट बंद झाली.

हरणाचे कान तापले. ज्या म्हाताऱ्यांना ती उठता बसता शिव्या द्यायची, त्यांचंच बोलणं तिच्या तोंडातून आलं होतं, त्यांच्याच सुरात. मान सुद्धा तशीच डोलली होती.

"हे पाहिलंस तू?" म्हाताऱ्यानं विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं.

"नाही."

"मग पाहिलेलं सांग."

तिनं वळून खालच्या धुक्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आमच्याकडं पायऱ्या फार. उतरताना म्हातारी माणसं भिंतीला हात लावत उतरतात. लावून लावून भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला एक पट्टा गुळगुळीत झालाय. ऊन असायचं तेव्हा तो चमकायचा. लहानपणी मला त्यावर गाल घासायला आवडायचं. गार लागतो."

वेली सुटल्या. म्हाताऱ्यानं तिला आत नेलं, बांबूच्या कोंबांची भाजी आणि नाचणीची भाकरी वाढली, आणि जेवण झाल्यावर दरीच्या काठी नेलं. पलीकडे जायचा पूल अर्धाच वाढलेला होता.

"दुसरं शहर त्या बाजूला. पूल माझ्या नातीच्या नातीसाठी आहे. तुला आत्ता जायचं तर मूळ धरून जा, आणि जाताना त्याचं टोक त्या काठाच्या मातीत खोच. तेवढंच तिचं काम हलकं होईल."

"आजोबा, तुम्ही या पुलावरून कधीच जाणार नाही?"

"मी कशाला जाऊ? मी लावला."

हरणा मुळाला लोंबकळत गेली. खाली दरी होती, दरीत पांढरी नदी. टोक मातीत खोचलं तेव्हा तिच्या मनात आलं, आपल्याकडच्या एकाही म्हाताऱ्यानं आपल्या पश्चात उगवेल असं काही लावलंय का? आठवलं नाही. मातीनं मूळ पकडलं आणि घट्ट आवळलं.

दुसऱ्या डोंगरावरचं शहर धागावळ. तिथं पावसाच्या सरी मागावर ताणत आणि त्यांत रंग विणत. गल्लीगल्लीत दोऱ्यांवर शाली वाळत घातलेल्या होत्या आणि वारा आला की अख्खं शहर डोंगरावरून उडू बघे. शालीवरून माणूस कुठल्या वाड्यातलं, कुणाची सून, कुठल्या लढाईत कोण पडलं, सगळं कळत होतं. बाजारात नुसत्या बाया. पुरुष दळण दळत होते.

दारात रेशमाक्का नावाची जाडजूड बाई मागावर बसली होती. "इथं तोंडानं सांगायचं नाही," ती म्हणाली. "तुझं गाव हातानं दाखव. बस."

"मला विणता येत नाही."

"आई काय करते?"

"टोपल्या विणते."

"आणि तू?"

"मी तिच्यापाशी बसून म्हाताऱ्यांना शिव्या देते."

रेशमाक्का मोठ्यानं हसली. "मग आज शिव्या देत देत वीण."

हरणा विणायला बसली. बोटं अडखळली, सरी तुटल्या. सुवर्ण काही हाताला येईना. करड्या धाग्यामागून करडा धागा घालत ती चडफडत राहिली आणि शेवटी त्यात एक ठिपका पिवळा आला, कडा विरलेला.

"हे काय?"

"धुकं. आई संध्याकाळी खिडकीत दिवा ठेवते, माणसांना घर सापडावं म्हणून. दिवा दिसत नाही. तेवढं धुकं पिवळं होतं."

रेशमाक्का त्या वेड्यावाकड्या तुकड्याकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या अंगावरची तांबडी शाल काढली, तो तुकडा तिच्या काठाला टाचला आणि शाल हरणाच्या खांद्यावर घातली. "वर थंडी फार," एवढंच म्हणाली. शाल अंगावर आली तशी तिसऱ्या डोंगराची कोरडी वाट, जी आतापर्यंत नव्हती, कड्यावरून वर उलगडत गेली.

तिसरं शहर उंचेरी. सगळ्यांत वर. तिथं झाडं गुडघ्याएवढी, घरं दगडाची, आणि गल्ल्यांतून ढग गुरांसारखे हिंडत. लोक त्यांना काठीनं बाजूला सारून पाणी भरत. कड्याच्या टोकाला मेघंकर बसला होता.

"कोण आलं?" तो म्हणाला.

"सोनकड्याची हरणा."

"आचार्यांनी पाठवलं?"

"आचार्य अजून चर्चा करतायत."

"बरं. ते बघ तुझं गाव. सांग."

हरणानं खाली पाहिलं. पारंब्याचे हिरवे पूल दिसले, धागावळीच्या शाली दिसल्या, आणि त्याखाली, राज्याच्या पायथ्याशी, एक करडा ढीग. तेच तिचं शहर. इतकं लहान, इतकं एकटं.  तिनं सांगायला सुरुवात केली. पायऱ्यांचा पट्टा सांगितला, तसा ढिगातून जिना वर आला. उंबराचं झाड सांगितलं, त्याची पश्चिमेची फांदी वाकडी आहे आणि तिच्याखालीच ढोली आहे, तशी फांदी वर आली. धनेशानं पंख उघडले आणि तो निरोपही न घेता खाली झेपावला. बाजारातलं पाणपोईचं मडकं सांगितलं, विद्यामंदिराचा तो कोपरा सांगितला, जिथला गिलावा तिनं उभ्या उभ्या नखानं उकरला होता. एकेक तुकडा वर येत गेला.

आणि मग संपलं. अर्ध्याहून जास्त शहर अजून धुक्यात होतं.

"पुढं?" मेघंकर म्हणाला.

"मागचा उतार मी कधी पाहिला नाही. खालची गल्लीही नाही. मी..." तिचा आवाज चिरकला. "मी पळून पळून जायची ती घरीच जायची."

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "मागचा उतार? आम्हाला विचार की."

हरणा वळली. उंचेरीची माणसं कामं सोडून कड्यावर आली होती. ती बाई पुढं झाली. तिच्या काखेत पाण्याची घागर होती. "तुमच्या मागच्या उतारावर भातखाचरं आहेत, एकाखाली एक. पाणी भरलं की संध्याकाळी सगळी तांबडी व्हायची. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा माहेर आठवलं की इथं येऊन तीच बघत बसायची."

"खालच्या गल्लीत कुंभारांच्या भट्ट्या," एकजण म्हणाला. "धूर सरळ वर आला की आम्ही समजायचो, उद्या ऊन आहे."

"तुमचे दिवे लागले की आम्ही जेवायला बसायचो," तिसरा म्हणाला. "धुकं आल्यापासून जेवायची वेळच कळत नाही बघ."

ते बोलत गेले, एकमेकांचं तोडत, एकमेकांना दुरुस्त करत. "डावीकडून नाही रे, उजवीकडून!" खाचरं वर आली, भट्ट्या वर आल्या, घाट, देऊळ, राजवाड्याचं मोडकं छप्पर. हरणा बघतच राहिली. तिनं शिव्याशाप दिलेलं, कंटाळून टाकलेलं गाव डोंगराच्या कुशीवर पायरी पायरीनं उभं राहत होतं, आणि ते देखणं होतं. सोनं कुठंही नव्हतं. दगड, माती, पाणी आणि हातानं घासलेल्या भिंती. तिची मान ताठ झाली. कुणी शिकवली नसताना झाली.

एकच जागा करडी उरली. एका खडकाच्या आड.

"ते आमच्याकडून दिसत नाही," घागरवाली म्हणाली. "खडक आड येतो."

"ते माझं घर," हरणा म्हणाली. "तिथं माझी आई आहे."

"मग सांग," मेघंकर म्हणाला. "आई कशी आहे?"

"आई प्रेमळ आहे. कष्टाळू आहे. सगळ्यांच्या आयांहून..."

खडकाआडचं धुकं दाटलं. इतकं दाटलं की बाजूचा जिनाही झाकू लागलं. हरणानं दातांखाली जीभ धरली. पुन्हा तेच! आईचीही बिरुदावली!

तिनं डोळे मिटले. आईचा चेहरा येईना. इतकी वर्षं ती त्या बाईपाशी बसली, आणि बघत मात्र सगळा वेळ दरबाराकडं होती. राग राग करत. रडू आलं, ते तिनं शालीत पुसलं. मग हळूहळू बोलली.

"तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे. कोयता लागला होता. विणताना विचार पडला की ती बांबूची पट्टी दातात धरते. हसली की तोंडावर हात ठेवते, पुढचा दात नाहीय म्हणून. माझा राग आला की माझ्याशी बोलत नाही, तव्याशी बोलते. 'बघ रे बाबा, शिकायचं सोडून आली.' मी शिकायचं सोडलं त्या दिवशी ती तव्याला खूप बोलली. मग मला भाकरी वाढली, आणि ती सगळ्यांत मोठी होती."

धुकं फाटलं.

खडकाच्या कडेला, फार लांब, बोटाच्या पेराएवढी एक बाई अंगणात आली. तिनं हात पुढं धरून पाहिले, या बाजूनं, त्या बाजूनं. मग कपाळावर हाताची सावली केली आणि हरणा आहे त्याच्या बरोबर उलट्या दिशेला बघत उभी राहिली.

"आई!" हरणा ओरडली. "अगं इकडं! वर!"

आवाज तिन्ही डोंगरांवरून गेला. बाई वळली.

शाप सुटला, पण मेघंकरानं एक अट घातली. राजा आणि दरबारी यांनी स्वतः चढून यावं, आणि पालखी आणू नये. ते आले. धापा टाकत, बसत उठत, आईबहिणीवरून न बोलण्याची खटपट करत आले. पारंब्यात त्यांना वाढलं, धागावळीत शाली मिळाल्या. धाकट्यांच्या दारी थोरांनी दोनदोन वेळा भाजी मागून घेतली.

उंचेरीच्या कड्यावर संध्याकाळी आचार्य विश्रुत उभे राहिले. खाली सोनकड्याची खाचरं तांबडी झाली होती आणि एकेक दिवा लागत होता. सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. जन्मभर ज्यांना शब्द कमी पडले नाहीत, त्या आचार्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हे आपलं?" त्यांनी हरणाला विचारलं.

"हो, आपलं," हरणा म्हणाली. तिला टोमणा मारायचा होता, चांगला तयार करून ठेवलेला होता. तो तिनं गिळला. म्हातारा रडत होता.

त्या दिवसापासून राजानं नियम केला की दुसऱ्याच्या डोंगरावरून पाहिल्याशिवाय दरबारात कुणी आपल्या शहराचं नाव घ्यायचं नाही. बिरुदावली बंद झाली. सोनकड्याची माणसं वर जातात, वरची खाली येतात, आणि कोण थोर कोण धाकटा हे विचारायला कुणाला सवड नाही. राज्य जागेवर आहे, चारही डोंगर जागेवर आहेत. ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं बसल्या जागी मान हलवू नये. चढून यावं. पाहुण्याला भाकरी आहे.